पहिला फोन कुणाचा?

नोव्हेंबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा निवडून आले त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलेला एक मजकूर येऊन पडला. मग तो भाचीच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर दिसला, मग गावाकडच्या ग्रुपवर. मध्ये थंडावला होता, हल्ली पुन्हा डोकं वर काढतोय. झेंडे आणि जोडलेले हात बाजूला केले तर खाली उरतं ते एवढं:

"ट्रम्पच्या विजयानंतर सगळ्यात आधी अभिनंदन केलं ते भारतानं. ज्यांनी लगेच अभिनंदन केलं ते मित्र, जे गप्प बसले ते शत्रू. मोदीजींनी 'माय फ्रेंड' म्हटलं, दुसऱ्या कुणाची हिंमत आहे का? युरोप रडतोय. आपल्या शेअर बाजारानं त्याच दिवशी सलामी ठोकली. आता भारताला कुणी हात लावू शकत नाही. प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोचवा."

मी काही वर्षं एका दैनिकाच्या परदेश पानावर काढली आहेत. अमेरिकेची निवडणूक आम्हाला सोयीची पडायची, कारण मोजणी तिकडे रात्रभर चालते तेव्हा इकडे दिवस असतो. पान सोडेपर्यंत निकाल हातात. त्या पानावर तळाला एक चौकट ठरलेली: 'जगभरातून प्रतिक्रिया'. ती भरायचं काम माझ्याकडे असायचं, आणि ती भरता भरता मला या अभिनंदनांची जी ओळख झाली, ती या मजकुराशी अजिबात जुळत नाही. म्हणून एकेक वाक्य घेतो.

"सगळ्यात आधी अभिनंदन केलं ते भारतानं"

नाही. हंगेरीचे व्हिक्टर ऑर्बान मोजणी चालू असतानाच 'सुंदर विजयाच्या वाटेवर' असं लिहून मोकळे झाले होते. नंतर, आपल्याकडची दुपार होता होता, नेतान्याहू, मॅक्रॉन, झेलेन्स्की, मोदी यांच्या पोस्ट आल्या. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेनं विस्कॉन्सिनचा निकाल धरून ट्रम्प जिंकल्याचं जाहीर केलं तेव्हा तिकडे पहाटेचे ५.३४ झाले होते, म्हणजे इकडे चार वाजून गेले होते. म्हणजे ही सगळी मंडळी एपीच्याही आधी पोहोचली होती. भारत लवकर होता, गर्दीत होता. पहिला नव्हता.

'पहिला' हा शब्द कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर १० नोव्हेंबरला मुंबईत एका कार्यक्रमात बोलले. ट्रम्प यांनी घेतलेल्या पहिल्या तीन फोनांमध्ये मोदींचा फोन होता, असं ते म्हणाले. बरेच देश अमेरिकेबद्दल धास्तावलेले आहेत, आपण त्यांच्यात नाही, असंही म्हणाले. फोनाबद्दलचं ते वाक्य ट्वीटबद्दलचं झालं, तीनातला एक वाढून पहिला झाला, आणि मजकूर तयार. आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीची यादी याहून काळजीपूर्वक लिहितात.

पण समजा, खरंच पहिला असता. मग?

२०१६ मध्ये पहिला फोन इजिप्तच्या अध्यक्षांचा, अब्देल फताह अल सिसी यांचा होता. कैरोतल्या वृत्तपत्रांनी ते मिरवलंही. नऊ महिन्यांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, त्याच ट्रम्प सरकारनं इजिप्तची सुमारे २९ कोटी डॉलरची मदत अडवली. काही कापली, काही लांबणीवर टाकली. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांचाही फोन लवकर लागला होता. त्याचं कारण राजनैतिक वगैरे काही नव्हतं. गोल्फपटू ग्रेग नॉर्मन यांच्याकडे ट्रम्प यांचा खाजगी नंबर होता आणि तो त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या राजदूतांना दिला. आणि ब्रिटन, ज्याला अमेरिकेशी आपलं 'खास नातं' असल्याचा केवढा अभिमान, त्याच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा नंबर लागेपर्यंत इजिप्त, इस्रायल, तुर्कस्तान, भारत, जपान असे आठ-नऊ देश बोलून झाले होते. लंडनच्या पेपरांनी याद्या छापून हळहळ व्यक्त केली. पुढं जानेवारी २०१७ मध्ये व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांना भेटायला गेलेला पहिला परदेशी नेता कोण? थेरेसा मेच.

एका अर्थी तो रांगेचा नंबर सत्तेवर येणाऱ्या माणसाच्या घरी त्या दिवशी फोन कोण उचलत होतं, एवढंच सांगतो.

"ज्यांनी लगेच अभिनंदन केलं ते मित्र, जे गप्प बसले ते शत्रू"

या वाक्यावर जरा थांबावं लागेल, कारण ऐकायला ते सगळ्यात पटण्यासारखं वाटतं. घरी पेढे वाटले की लक्षात राहतंच ना, कोण आलं, कोण नाही.

आधी एक तांत्रिक गोष्ट. आपल्याकडे निवडणूक आयोग आहे, तो निकाल जाहीर करतो, प्रमाणपत्र देतो, विषय संपला. अमेरिकेत निवडणुकीच्या रात्री 'अमुक जिंकला' असं सांगणारी कुठलीही सरकारी यंत्रणा नाही. सांगतात त्या वृत्तसंस्था आणि वाहिन्या, आपापल्या हिशेबानं. अधिकृत मतदान करतं इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेले प्रतिनिधी, ते डिसेंबरात, आणि त्याची मोजणी होते ६ जानेवारीला संसदेत. मधल्या दोन महिन्यांत कुणाचं अभिनंदन कधी करायचं हे प्रत्येक देशानं आपलं आपण ठरवायचं असतं. घाई केली की काय होतं ते २०००च्या नोव्हेंबरात दिसलं. वाहिन्यांनी रात्री जॉर्ज बुश यांना फ्लोरिडा देऊन टाकलं, परदेशांतून अभिनंदनं निघाली, आणि पहाटे वाहिन्यांनी फ्लोरिडा परत घेतलं. पाठवलेली अभिनंदनंही परत घ्यावी लागली. अखेर ५३७ मतांच्या फरकावर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर डिसेंबरच्या मध्यात प्रकरण मिटलं. २०२० मध्ये स्लोव्हेनियाचे पंतप्रधान यानेझ यान्शा यांनी मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी ट्रम्प यांचं अभिनंदन केलं होतं. मेलानिया ट्रम्प माहेरच्या स्लोव्हेनियन, त्यामुळं जावयाचं कौतुक समजून सोडून देऊ. पण जिंकले होते बायडेन.

आता २०२०चीच यादी पुढं वाचू. एपीनं बायडेन यांना विजयी घोषित केलं ७ नोव्हेंबरला. मेक्सिकोचे अध्यक्ष लोपेझ ओब्राडोर यांनी अभिनंदन करायला साफ नकार दिला. कायदेशीर बाबी पूर्ण होऊ देत, मग बघू, म्हणाले. त्यांचं पत्र गेलं ते इलेक्टोरल कॉलेजचं मतदान झाल्यावर, १४ डिसेंबरला. तेव्हाही बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की हा ट्रम्पचा माणूस, याला आता बायडेन दारात उभं करणार नाहीत.

खरं कारण मेक्सिकोत होतं. २००६ मध्ये लोपेझ ओब्राडोर स्वतः अध्यक्षपदाला उभे होते आणि जेमतेम अर्ध्या टक्क्यानं हरले. त्यांच्या मते ती निवडणूक चोरलेली होती, आणि तक्रारींचा निकाल लागायच्या आधीच परदेशी नेत्यांनी प्रतिस्पर्ध्याचं अभिनंदन करून टाकलं, हा सल त्यांनी चौदा वर्षं जपला होता. शिवाय दुसऱ्या देशाच्या सरकारवर बरं-वाईट शिक्कामोर्तब करायचं नाही ही मेक्सिकोची भूमिका १९३० पासूनची आहे, एस्त्रादा सिद्धांत म्हणतात तिला. म्हणजे त्या उशिरात बायडेन कमी आणि मेक्सिको जास्त होता. आणि बायडेन यांनी काय केलं? २० जानेवारी २०२१ ला शपथ घेतली, २२ तारखेला परदेशी नेत्यांना फोन सुरू केले. पहिला कॅनडाच्या ट्रुडोंना. दुसरा लोपेझ ओब्राडोर यांना.

त्याच यादीत नेतान्याहू आहेत. त्यांनी बायडेन यांचं अभिनंदन साधारण बारा तासांत केलं होतं. त्यांना फोन आला १७ फेब्रुवारीला, जवळपास महिनाभर वाट पाहायला लावून. पुतिन यांनी १५ डिसेंबरपर्यंत तोंड उघडलं नव्हतं, त्यांना २६ जानेवारीलाच फोन. आठ दिवसांत अण्वस्त्रांचा न्यू स्टार्ट करार पाच वर्षांनी वाढवून झालाही. मोदींनी ७ नोव्हेंबरलाच अभिनंदन केलं होतं. अध्यक्ष झाल्यानंतर बायडेन त्यांच्याशी बोलले ८ फेब्रुवारीला. यात कुणाचा अपमान नाही, कुणाचा सन्मान नाही. कुठलं काम तातडीचं, एवढाच हिशेब. कॅनडा-मेक्सिको शेजारी, न्यू स्टार्टची मुदत संपत आलेली.

शत्रूही अभिनंदन करतात, बरं का. बराक ओबामा निवडून आल्यावर इराणच्या महमूद अहमदीनेजाद यांनी पत्र पाठवलं, १९७९च्या क्रांतीनंतर असं पहिल्यांदाच झालं. दीड वर्षानं सुरक्षा परिषदेत अमेरिकेच्याच पुढाकारानं इराणवर आणखी कडक निर्बंध आले. २०२४ मध्ये व्हेनेझुएलाच्या मादुरो सरकारनंही ट्रम्प यांचं अभिनंदन केलं होतं.

आता पुतिन आणि २०२४. मजकुराची नंतरची एक आवृत्ती म्हणते की पुतिन गप्प बसले म्हणजे रशिया-अमेरिका वैर पक्कं. ६ नोव्हेंबरला त्यांचे प्रवक्ते पेस्कोव्ह खरंच म्हणाले की अभिनंदनाचा काही बेत असल्याचं मला माहीत नाही, हा आमच्याशी मैत्री नसलेला देश आहे, विसरू नका. दुसऱ्याच दिवशी सोचीतल्या वाल्दाई परिषदेत प्रश्नोत्तरांच्या ओघात पुतिन यांनी अभिनंदन करून टाकलं, वर बटलरमधल्या सभेत गोळीबार झाला तेव्हा ट्रम्प मर्दासारखे वागले अशी पुस्तीही जोडली. तार नाही, पोस्ट नाही, जाता जाता. आणि १५ ऑगस्ट २०२५ ला अलास्कात पुतिन उतरले तेव्हा ट्रम्प स्वतः धावपट्टीवर उभे होते, पायाखाली लाल गालिचा होता. त्यानंतर बाराव्या दिवशी, २७ ऑगस्टला, भारतावर आणखी २५ टक्के आयातशुल्क लागू झालं. कशासाठी? रशियाचं तेल घेतल्याबद्दल.

"'माय फ्रेंड' म्हणायची दुसऱ्या कुणाची हिंमत आहे का?"

हे संदेश कसे तयार होतात त्याचा एक पुरावा चुकून बाहेर पडला होता, तो दाखवतो.

७ नोव्हेंबर २०२०. ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ट्विटरवर बायडेन यांचं अभिनंदन केलं. साध्या अक्षरांत नाही, एका गडद रंगाच्या चित्रफलकावर पांढऱ्या अक्षरांत, मजकूर सुबक मांडून. कुणीतरी ते चित्र उतरवून घेतलं आणि त्याची उजळपणाची पट्टी ओढत नेली. गडद पार्श्वभूमी फिकी होत गेली तशी बायडेन यांच्या नावाभोवती दुसरी अक्षरं उमटायला लागली, पाटी नीट न पुसता वर लिहिलं की खालचं दिसतं तशी. एका जागी 'ट्रम्प'. जरा बाजूला 'सेकंड टर्म'. ब्रिटिश सरकारनं कबूल केलं: निवडणूक अटीतटीची होती, म्हणून दोन्ही निकालांसाठी दोन निवेदनं आधीच तयार ठेवली होती, तांत्रिक चुकीनं एकाचे अवशेष दुसऱ्यात राहिले.

लोक हसले, पण यात गैर काही नव्हतं. प्रत्येक परराष्ट्र खातं हेच करतं. आम्हीसुद्धा डेस्कवर दोन मथळे करून ठेवायचो. फरक इतकाच की आमचा दुसरा मथळा कचऱ्यात जायचा, जॉन्सन यांचा खाली राहून गेला.

असल्या कारखान्यातून निघालेल्या शब्दांना किती वजन द्यायचं? मोदींची ट्रम्प यांच्याशी ओळख जुनी, ह्यूस्टनची २०१९ ची सभा, अहमदाबादची २०२० ची. 'माय फ्रेंड' हा शब्द तिथून आलेला. पण २०२० मध्ये बायडेन जिंकल्यावर मोदींनीच कमला हॅरिस यांना उद्देशून लिहिलेला संदेश आठवून पाहा. हे यश फक्त तुमच्या चित्तींनाच नव्हे, सगळ्या भारतीय-अमेरिकनांना अभिमान वाटावा असं आहे, अशा अर्थाचं लिहिलं होतं. चित्ती म्हणजे तमिळमध्ये मावशी. हॅरिस यांनी पक्षाच्या अधिवेशनातल्या भाषणात वापरलेला तो शब्द कुणीतरी हेरून ठेवला आणि नेमका योजला. कामात चोख होतं. उद्या ज्याच्याशी व्यवहार करायचा त्याच्या घरातला शब्द शोधून काढायचा, ही मुत्सद्देगिरी आहे. तिला मैत्री समजणं ही आपली चूक.

आता पाकिस्तान. नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस नवाझ शरीफ ट्रम्प यांच्याशी फोनवर बोलले आणि त्यांच्या सरकारनं संभाषणाचं टिपण जसंच्या तसं प्रसिद्ध केलं. ट्रम्प त्यात शरीफना 'यू आर अ टेरिफिक गाय' म्हणतात, आणि पाकिस्तानी लोक, पाकिस्तान देश, जे समोर येईल ते 'फँटास्टिक'. इस्लामाबाद खूश. १ जानेवारी २०१८ ला त्याच ट्रम्प यांनी लिहिलं की पाकिस्ताननं आम्हाला खोटेपणा आणि फसवणुकीशिवाय काही दिलं नाही. २०२४ मध्ये धाकटे शरीफ, शाहबाज, यांनी अभिनंदन केलं ते एक्सवर, आणि एक्स त्यांच्याच देशात त्यांच्याच सरकारनं बंद ठेवलेलं होतं. पंतप्रधान व्हीपीएन लावून आले काय, म्हणून पाकिस्तानीच त्यांची टर उडवत होते. मीही दिवसभर हसलो. जून २०२५ मध्ये पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांच्याबरोबर जेवायला बसले तेव्हा ते हसू ओठांवरच विरलं.

"युरोप रडतोय"

थोडं खरं, थोडं सोयीचं. युरोपातले बरेच लोक नाराज होते यात शंका नाही. पण सरकारं? मॅक्रॉन लवकर अभिनंदन करणाऱ्यांत होते, 'चार वर्षं केलं तसं पुन्हा एकत्र काम करायला तयार' अशा शब्दांत. जर्मनीला तर रडायला सवडच नव्हती: ६ नोव्हेंबरच्याच संध्याकाळी चॅन्सेलर शोल्झ यांनी आपल्या अर्थमंत्र्याला काढून टाकलं आणि सरकार कोसळलं. बर्लिनमध्ये त्या रात्रीची मोठी बातमी बर्लिनचीच होती. दुसऱ्या दिवशी युरोपचे नेते जमले बुडापेस्टला, यजमान ऑर्बान. ट्रम्प आले तर शँपेनच्या बाटल्या फोडू असं त्यांनी आधी जाहीर केलेलं. पण निकालाच्या वेळी ते किर्गिझस्तानात होते, आणि तिथं रीत वेगळी असल्यामुळं व्होडकावर भागवलं, असं त्यांनीच सांगितलं.

युरोपनं जाहीरपणे नाराजी दाखवल्याची उदाहरणं आहेत आणि ती वाचण्यासारखी आहेत. २०१६ मध्ये अँगेला मर्केल यांचं अभिनंदन म्हणजे अटींची यादीच होती: लोकशाही, स्वातंत्र्य, कायद्याचा मान, वंश, रंग, धर्म, लिंग न बघता माणसाची प्रतिष्ठा, या मूल्यांच्या आधारावर मी सहकार्य देऊ करते. २००४ मध्ये बुश पुन्हा निवडून आल्यावर लंडनच्या डेली मिररनं पहिल्या पानावर विचारलं होतं, ५,९०,५४,०८७ लोक इतके मूर्ख कसे असू शकतात? त्याच वर्षी निवडणुकीआधी गार्डियननं आपल्या वाचकांना ओहायोतल्या क्लार्क कौंटीच्या मतदारांना पत्रं लिहायला लावली होती: बुश नको, जगासाठी म्हणून तरी नको. तिथल्या लोकांनी उलट टपाली जी भाषा वापरली ती इथं छापता येणार नाही. २००० मध्ये थोडक्यात अल गोर यांच्याकडे गेलेली ती कौंटी २००४ मध्ये बुश यांच्याकडे गेली. सगळं श्रेय पत्रांना देता येणार नाही, पण उपयोग झाला नाही एवढं नक्की.

आणि लोकांच्या मनाचं म्हणाल तर मजकूर लिहिणाऱ्याला माहीत नसलेली एक गोष्ट त्याच्याच बाजूची आहे. जानेवारी २०२५ मध्ये युरोपियन कौन्सिल ऑन फॉरेन रिलेशन्स या संस्थेनं पाहणी प्रसिद्ध केली. त्यात दर पाच भारतीयांतल्या चारांहून अधिक जणांनी ट्रम्प यांचं येणं आपल्या देशाला चांगलं असल्याचं सांगितलं. ब्रिटन, दक्षिण कोरियात सूर उलटा होता. म्हणजे भारतातला आनंद खराच होता. पुढच्या सात महिन्यांत काय झालं ते शेवटच्या मुद्द्यात येतंय.

"शेअर बाजारानं सलामी ठोकली"

६ नोव्हेंबरला सेन्सेक्स सुमारे ९०० अंशांनी वर गेला, बरोबर. ७ नोव्हेंबरला सुमारे ८३५ अंशांनी खाली आला. दुसऱ्या दिवसाचा आकडा मजकुरात नाही. त्याच ६ तारखेला रुपयानं डॉलरसमोर तोवरचा नीचांक गाठला, तोही नाही. पुढं जाऊ.

मजकुराच्या काही आवृत्त्यांत गावांचे फोटो असतात. तमिळनाडूतलं तुळसेंद्रपुरम, हॅरिस यांचं आजोळ; आंध्रातलं वडलूरू, उपाध्यक्ष व्हान्स यांच्या पत्नी उषा यांच्या पूर्वजांचं गाव. २०२० मध्ये पहिल्या गावात फटाके आणि रांगोळ्या होत्या, २०२४ मध्ये दुसऱ्या गावात. गावांचा आनंद निर्मळ असतो, त्यावरून वॉशिंग्टनच्या धोरणाचा अंदाज बांधू नये. तसं पाहिलं तर डेट्रॉइटमधून त्याच रात्री अमेरिकी संसदेवर पुन्हा निवडून आलेले श्री ठाणेदार बेळगावात वाढलेले, घरात मराठी बोललेले. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा प्रस्ताव मांडणारे तेच. तो फोटो कुणी पाठवला नाही.

"आता भारताला कुणी हात लावू शकत नाही"

तारखा सांगतो. ५ फेब्रुवारी २०२५: अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, आत हद्दपार केलेले १०४ भारतीय, हातापायांत बेड्या घालून आणलेले. त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. आठ दिवसांनी मोदी व्हाइट हाउसमध्ये होते, गळाभेट झाली. २ एप्रिल: भारतावर २६ टक्के शुल्काची घोषणा. ७ ऑगस्ट: २५ टक्के लागू. २७ ऑगस्ट: रशियन तेलाचे आणखी २५, एकूण ५०. पाकिस्तानला १९. सप्टेंबर: नव्या एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलरचं शुल्क, आणि पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत घराघरांत फोनाफोनी. अंधेरीच्या सीप्झमध्ये अमेरिकेसाठी दागिने घडवणाऱ्या कारागिरांना 'माय फ्रेंड'चा अर्थ त्या ऑगस्टात विचारायला हवा होता.

याच यादीत ब्राझील शेजारी ठेवा. अध्यक्ष लुला यांनी मतदानाआधी उघड म्हटलं होतं की हॅरिस आल्या तर बरं. हरलेल्या बाजूचा माणूस. निकालानंतर त्यांनी रीतसर अभिनंदन केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्राझीलवर किती शुल्क होतं? ५० टक्के. एकानं मित्र म्हटलं, दुसऱ्यानं प्रतिस्पर्ध्याला पसंती दिली, आकडा एकच. ब्राझीलचं निमित्त होतं माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावरचा खटला, आपलं निमित्त तेल.

मग वैयक्तिक जवळिकीचा उपयोग काहीच नाही का, असं एका वाचकानं मला विचारलं होतं. होतो. ऑर्बान यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन रशियन तेल-वायूवरच्या निर्बंधांतून वर्षभराची सूट मिळवली, आणि ती काही व्होडकाच्या आठवणीवर मिळाली नाही. अमेरिकन वायू विकत घ्यायचं वचन सोबत नेलं होतं. जपानचे शिन्झो आबे २०१६ च्या नोव्हेंबरातच सोनेरी गोल्फ क्लब घेऊन ट्रम्प टॉवरमध्ये पोहोचले होते, त्यांना वेळ मिळाला, दार उघडं राहिलं. पण शपथविधीनंतर तिसऱ्या दिवशी अमेरिका टीपीपी या प्रशांत महासागराभोवतीच्या देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडली, जो आबे यांना सगळ्यात जास्त हवा होता, आणि २०१८ मध्ये पोलाद-अॅल्युमिनियमचं शुल्क जपानलाही भरावं लागलं. दार उघडणं आणि आत काही मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी, एवढंच माझं म्हणणं.

हे सगळं लिहून मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायच्या बेतात होतो. सहज म्हणून ग्रुपमध्येच मागं शोधलं. ८ नोव्हेंबर २०२० ला त्याच काकांनी पाठवलेला एक मजकूर सापडला. वर कमला हॅरिस यांचा साडीतला फोटो, खाली: "व्हाइट हाउसमध्ये आता आपली लेक. भारताला आता कुणी हात लावू शकत नाही. प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोचवा."

मी तो पुढं ढकलला, काहीच न लिहिता. अर्ध्या तासानं काकांचं उत्तर आलं.

"अरे, तेव्हाची गोष्ट वेगळी होती."